मोठीआईचा गुडघा

अन्याय झाला तो माझ्या मोठीआईवर. नाव रत्नमालाबाई, मुक्काम दारव्हा, जिल्हा यवतमाळ. कधी झाला, तर मी चौदा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. कुठे, तर भीमरावकाकांच्या शेतात, बैलांना पाणी पाजायच्या हौदात. ती त्या वेळी उताणी होती आणि तिला स्वतःच्या बाजूनं एक शब्दही बोलता येत नव्हता, कारण तोंड पाण्याखाली होतं. वेळेबद्दल कोणी वाद घालू नये. ती दानियलकाकांच्या नोंदवहीत लिहिलेली आहे, आणि अन्याय करणाऱ्यानंच वेळ टिपून ठेवावी इतकी सोय सहसा कोणाला मिळत नाही.

मी पत्रकं लिहून मोठी झाले. बसथांब्यासाठी लिहिली, रेशनसाठी लिहिली, कापूस वेचणाऱ्या बायांना शेतावर प्यायला पाणी मिळावं म्हणून लिहिली. पत्रकाचा नियम एवढाच, की पहिल्या चार ओळींत कोणावर, कधी, कुठे हे आलं पाहिजे. पाचव्या ओळीपर्यंत वाचणारा त्या कागदात भजे बांधायला लागतो. एकोणतीस वर्षांची बाई आत्मकथन लिहिते म्हणून हसणाऱ्यांनी हसावं. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास छापून आला, त्यात माझी मोठीआई नाही. म्हणून तो इतिहास मी इथे पुन्हा लिहिते आहे, आणि तिच्यापासून सुरू करते आहे, कारण तो तिच्यापासूनच सुरू झाला.

मोठीआई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. आमचं घर एकच, टिनाचं, तीन खोल्यांचं. चुली दोन होत्या, त्यातली एक माझ्या आईनं मोठीआईच्या हाताची वांग्याची भाजी खाल्ल्यावर कायमची विझवली. मोठेबाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या अंगाला होतं, त्यामुळे आमच्या घरात पहाटेपासून पंपाचा फुस्स फुस्स आवाज, त्यावर मोठीआईचं गाणं, आणि त्या दोघांवर कडी म्हणून पलीकडच्या कापसाच्या जिनिंगची घरघर. मोठीआई गीतं फार मोठ्यानं म्हणायची. भाकरी थापताना म्हणायची, त्यामुळे आमच्या घरची सगळी ख्रिस्ती गीतं भाकरीच्या तालावर बसलेली आहेत. पुढे पेटीवाल्यानं किती समजावलं, तरी आमची मंडळी अजूनही प्रत्येक कडव्यानंतर भाकर उलटवायला लागेल तेवढा वेळ थांबते.

आम्ही आधीपासून ख्रिस्ती होतो, आजोबांच्या वेळचे. पण चर्च होतं यवतमाळला, आणि आम्ही दारव्ह्याला. दर रविवारी सकाळी सगळं घर धुतल्या कपड्यांत स्टँडवर. जीप भरल्याशिवाय निघत नसे, आणि भरली हे मोजून ठरत नसे, दाबून ठरत असे. ड्रायव्हर बोनेटला टेकून "दोनच पाह्यजे, दोनच" असं ओरडायचा, दोन आले की पुन्हा "दोनच." आम्ही चर्चच्या दारात पोचायचो तेव्हा पाळक शेवटचा आशीर्वाद देत असायचे. दोन वर्षं मी फक्त आशीर्वाद ऐकला. उपदेश नावाचा काही प्रकार असतो हे मला शाळेतल्या मैत्रिणीकडून कळलं. मग आम्ही स्टँडवर आलूबोंडा-रस्सा खायचो आणि परतीच्या जीपमध्ये बसून पुन्हा दोघांची वाट पाहायचो. माझ्या लहानपणीच्या देवाला आलूबोंड्याचा वास आहे, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

एका रविवारी मोठीआईचा पारा चढला. पाऊण तास झाला होता, जीपमध्ये तिच्या मांडीवर मी, माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी. ती ड्रायव्हरला म्हणाली, "काय रे, दोन पाह्यजे तर दोन पाह्यजे. येशूनं सांगतलं, दोघं-तिघं जमले का मी तिथं हावो. इथं तं चौदा जन हाओत. कायले जावं मंग यवतमाळले?" आणि उतरली. मागोमाग सगळं घर उतरलं. कोंबडी तेवढी गेली यवतमाळला.

आमच्या मागून जीपमधून आणखी एक जण उतरला. काडीसारखा बारीक, पांढरा शर्ट, हातात पिशवी. तो म्हणाला, "बाई, मी पाळक हाय. बाप्टिस्ट. शिकून आलो, पन मले अजून मंडळी नाही."

मोठीआईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जेवला काय?"

"नाही."

"चाल मंग."

झाली मंडळीची स्थापना. छापलेल्या इतिहासात लिहिलं आहे की 'प्रभूच्या प्रेरणेने काही बंधू एकत्र आले.' बंधू! त्या दिवशी बंधूंपैकी मोठेबाबा स्टँडवरच कोणाच्या तरी सायकलचं पंक्चर काढत होते आणि माझे बाबा कोंबडीवाल्याशी भांडत होते.

पुढच्या रविवारपासून आमच्या समोरच्या खोलीत उपासना. सायकली बाहेर, सतरंजी आत. तिसऱ्या रविवारी दानियलकाका आले. जमीन मोजणीच्या नोकरीतून रिटायर झालेला माणूस, सदऱ्याच्या खिशात कायम टेप. आल्या आल्या त्यांनी खोली मोजली आणि जाहीर केलं, "मांडी घालून बसले तर अठरा. गुडघे उभे करून बसले तर सव्वीस." गुडघ्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात तेव्हापासूनचा. मी त्यांच्याबद्दल कडू लिहिणार आहे, म्हणून हेही लिहिते की माणूस सरळ होता. आयुष्यभर त्यांनी सख्ख्या भावांना एका बांधावरून डोकी फोडताना पाहिलं होतं. "आज एक वीत सोडली का उद्या पुरा बांध सरकते," हे ते चहा पितानाही म्हणायचे. नोंदवही त्यांनीच आणली, जाड पुठ्ठ्याची, आणि मंडळीचे चिटणीसही तेच झाले, कारण वही त्यांची होती.

मग एक दिवस पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याचा विषय काढला. आम्हा सगळ्यांचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, कपाळावर पाणी शिंपडून. पाळकसाहेब म्हणाले, ते नाही चालत. माणसानं समजून-उमजून विश्वास ठेवायचा आणि मग पूर्ण पाण्याखाली जायचं. जुनं आयुष्य बुडवायचं, नवं घेऊन वर यायचं. ज्यानं असं केलं तो सभासद, त्याला मत, आणि मंडळीतली प्रत्येक गोष्ट हात वर करून मतानं ठरणार. बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मोठीआईचेही आले. पण ती अशा गावची बाई, जिथे नळ आठ दिवसांनी येतो. डोळे पुसून तिनं पहिला प्रश्न विचारला, "पानी किती लागते?"

"कंबरभर."

"मानशी?"

पाळकसाहेबांनी समजावलं की पाणी एकच, माणसं पाळीनं. मग शोध सुरू झाला. ओढा कोरडा. विहिरीत उतरायचं तर पायऱ्या नाहीत. एका उत्साही भावानं पाण्याचा टँकरच वरून उघडायची सूचना केली, ती दानियलकाकांनी 'विचारार्थ' म्हणून नोंदवली. शेवटी मोठीआई भीमरावकाकांकडे गेली. गावाबाहेर त्यांचं शेत, विहिरीवर मोटर, शेजारी सिमेंटचा लांबोळका हौद. भीमरावकाका बौद्ध, शाळेत शिपाई होते, मोठेबाबांचे सायकलमित्र. त्यांनी डोकं खाजवलं. "वहिनी, हौद बैलाचा हाय. तुमच्या देवाले चालते काय?"

"आमचा देव जनमलाच गोठ्यात," मोठीआई म्हणाली.

"मंग घासून ठेवतो," भीमरावकाका म्हणाले, आणि खरंच दोन दिवस घासला.

त्या रविवारी आम्ही तेरा जण बाप्तिस्मा घेणार होतो. जेवण शेतावरच, रोडगे आणि वांग्याची भाजी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, पदर देऊन वळलेला, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला. फोडून तुपात बुडवायचा. तो भाजत असताना जवळून हलता येत नाही. घटकेत इकडचा तिकडे केला नाही तर बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा. साठेक रोडगे निखाऱ्यात, आणि ते उलटवणारी एकटी मोठीआई. म्हणून ती म्हणाली, "तुमी सगळे आधी व्हा. मी शेवटी येतो." एवढ्या एका वाक्यानं तिचा घात झाला. पुढच्या पंधरा वर्षांत मंडळीतली कुठलीही बाई शेवटी राहिली नाही. मी लक्ष ठेवून आहे.

मोटर सुरू होती तोवर हौद भरत होता. नऊ वाजता लाइन गेली. दानियलकाकांनी काठीवर खुणा केल्या होत्या; काठी बुडवून म्हणाले, "मोठ्या माणसाच्या कंबरेले चार बोटं कमी. चालते." पाळकसाहेब हौदात उतरले आणि सुरुवात झाली. एकेक जण उतरायचा, विश्वास कबूल करायचा, नाकाला रुमाल, पाठीमागे आडवा, गुडुप, वर. सगळे गात होतो, भाकरीच्या तालावर. पण एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. माणूस बुडताना पाणी वर चढतं हे खरं, पण माणूस निघताना पाणी घेऊन निघतो. त्यातून बाया नऊवारीत. माझी आई बाहेर आली तेव्हा तिच्या लुगड्यातून जेवढं पाणी वाहिलं तेवढ्यात आमच्या घरचे दोन दिवस निघाले असते. दर माणसागणिक दानियलकाका काठी बुडवत होते आणि त्यांचा चेहरा पाण्यासोबत खाली जात होता.

बारावी मी. हौदातून निघाले तेव्हा टॉवेल संपत आले होते. मोठीआई रोडग्यांकडून धावत आली, राखेच्या हातांनी शेवटचा टॉवेल माझ्या खांद्यांभोवती गुंडाळला, दोन्ही टोकं माझ्या मुठींत दिली आणि म्हणाली, "घट्ट धर. सोडू नको. लोकं हायेत." मग पदर खोचला आणि हौदात उतरली.

मोठीआई अंगानं भरलेली बाई होती. पाळकसाहेब काडी. पाणी आता मांडीलाही जेमतेम. त्यांनी विचारलं, "विश्वास ठेवता?" ती म्हणाली, "ठेवतो. लवकर करा, रोडगे जळतीन." त्यांनी तिला मागे आडवी केली. डोकं गेलं, खांदे गेले, पोट गेलं, आणि जसजसं वरचं अंग खाली गेलं तसतसा उजवा गुडघा वर आला. घासून गुळगुळीत झालेल्या तळावर पाळकसाहेबांचा पाय सटकला. ते तिच्यावर पडले आणि स्वतः पूर्ण बुडाले, टाळूपासून टाचेपर्यंत. गुडघा मात्र बाहेरच होता. लुगडं चिकटलेला, गोल, चमकणारा. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी पाहिला. हे आत्ताच सांगून टाकते, कारण माझ्या विरोधकांना वाटतं की मी हे लपवते. गुडघा बाहेर होता. माझं भांडण गुडघ्याबद्दल नाहीच.

मोठीआई वर आली, नाकातोंडातून पाणी, चेहरा असा उजळलेला की मी तिला तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पाळकसाहेब खोकत खोकत "आमेन" म्हणाले. सगळे "आमेन" म्हणाले. आणि त्या आमेननंतरच्या शांततेत दानियलकाकांचा आवाज आला, "गुडघा राह्यला."

"काय राह्यलं?" मोठीआई कान झटकत म्हणाली.

"उजवा गुडघा. पान्याबाहेर व्हता. पूर्ण बुडाल्याशिवाय होत नाही, हे पाळकसाहेबांनीच शिकवलं."

"मंग बुडवतो ना!" मोठीआई पुन्हा उतरायला निघाली. तर पाळकसाहेब म्हणाले, थांबा. झाला असेल तर दुसऱ्यांदा करता येत नाही, बाप्तिस्मा एकदाच. आणि झाला नसेल तर करायलाच पाहिजे. पण आधी ठरवलं पाहिजे, झाला की नाही. दानियलकाका आनंदानं म्हणाले, "मत घ्या." आता बाकीचे बारा जण सभासद होते, ओले, ताजे, आणि मत नावाचं हत्यार पहिल्यांदाच हातात आलेले. अशा रीतीनं आमच्या मंडळीच्या इतिहासातला पहिला ठराव म्हणजे माझ्या मोठीआईचा गुडघा.

चर्चा झाली. एक भाऊ म्हणाला, "आमच्या नाकातोंडात पानी गेलं तवा आमचं झालं. बाईले कायले सूट?" माझी आई म्हणाली, "गुडघ्यानं पाप करते काय माणूस?" त्यावर दानियलकाकांची बायको म्हणाली, "गुडघ्यानंच तं प्रार्थना करते." भीमरावकाकांना तटस्थ साक्षीदार म्हणून विचारलं, तर ते हात जोडून म्हणाले, "मी मधात पडत नाही बापा. हौद माहा, गुडघा तुमचा." आणि या सगळ्या वेळात मोठीआई हौदात उभी, पाण्यात पाय, कमरेवर हात, नजर रोडग्यांच्या धुराकडे. तो धूर काळा व्हायला लागला होता.

पाळकसाहेबांनी विचारलं, "रत्नमालाबाईंचा बाप्तिस्मा झाला, असं कोणाचं मत?" हात वर आले. दानियलकाकांनी मोजले, सहा. "नाही झाला?" पुन्हा हात. सहा. "बरोबरी," दानियलकाका म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की बारा हात झाले, पण माझा तर एकदाही वर नव्हता. बारापैकी अकराच जणांचे बारा हात कसे? शोध लागला. मोठेबाबांनी दोन्ही वेळा हात वर केला होता.

"काहून वो?" मोठीआई हौदातून गरजली.

मोठेबाबा दोघांच्या मधे उभे होते, एका बाजूला बायको, एका बाजूला रोजचे चहाचे सोबती दानियलकाका. "काय करू मंग?" ते म्हणाले. "घरी राह्यचं हाय, अन् चहाले बी जायचं हाय."

त्यांची दोन्ही मतं एकमेकांना कापली असं धरलं, तरी पाच-पाच. राहिले मी. सगळे माझ्याकडे वळले. पाळकसाहेब म्हणाले, "बाळा, तुझं काय?" मी टॉवेलाची दोन्ही टोकं मुठीत धरून उभी होते. फ्रॉक ओला, अंगाला चिकटलेला, समोर शाळेतली दोन पोरं बांधावर बसून फुकटचा तमाशा बघत होती. हात वर केला की टॉवेल सुटणार. आणि मोठीआईनं सांगितलं होतं, सोडू नको. मी तोंडानं बोलू शकले असते. चौदाव्या वर्षी मला तोंड होतं, घरी विचारा. पण हात वर करायचा असतो एवढंच डोक्यात बसलं होतं, आणि हात नव्हता. मी मान खाली घातली. दानियलकाकांनी लिहिलं, 'तहकूब.' तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "रोडगे!" आणि मंडळी विखुरली. त्या दिवशीचे रोडगे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे होते. सगळ्यांनी खाल्ले. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांनी जास्त खाल्ले.

तहकूब ते तहकूबच राहिलं. पाळकसाहेब दुसऱ्या रविवारी म्हणाले, पाणी भरून पुन्हा करू, वाद मिटेल. पण आता मोठीआई अडून बसली. "मी बुडाली. देवानं पाह्यलं. आता पुन्हा उतरू म्हंजे पह्यलं खोटं व्हतं असं मीच म्हनू काय? अन् लहानपनीचं धरलं तर हे तिसरं. मी मानूस हाय का मोटरसायकल, दर हप्त्याले धुवाले?" त्यामागचं खरं कारण तिनं माझ्या आईला सांगितलं होतं, ते मला पुढे कळलं. पुन्हा बुडवलं तर त्या बारीक पोराचा, पाळकाचा, पहिलाच बाप्तिस्मा-विधी चुकला असं वहीत लागलं असतं. "त्याची पह्यली मंडळी हाय," ती म्हणाली होती. "राहू दे."

तर पंधरा वर्षं मोठीआईला मत नव्हतं. याचा परिणाम असा झाला की मंडळीतली सगळी मतं तिच्याकडे गेली. सभा रविवारी असायची. शनिवारी संध्याकाळी बाया आमच्याकडे भाजी निवडायला बसायच्या, आणि पंखा कुठे लावायचा, उपासना साडेनऊला की दहाला, हे मेथीच्या काड्यांसोबत तिथेच ठरायचं. रविवारी हात वर यायचे आणि दानियलकाका मोठ्या समाधानानं मोजायचे. सभा चालू असताना ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहायची, कारण सभासद नसलेल्यानं आत बसू नये असा नियम होता. नियम मंजूर झाला तेव्हा विरोधात एकच मत होतं, माझं. टॉवेल नव्हता त्या दिवशी.

इथवर मला हसू येतं. पुढचं येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत एकाच ताटातल्या पोळीचा एकेक तुकडा खायचा, आणि तो फक्त बाप्तिस्मा झालेल्यांनी. त्यासाठीची पोळी मोठीआईच करायची, सुरुवातीपासून. पहिले पाळकसाहेब होते तोवर ताट तिच्यापर्यंत यायचं. ते वही बघत नसत. तीन वर्षांनी ते गेले, नवे आले. नव्यांनी वही वाचली. पुढच्या पहिल्या रविवारी ताट माझ्या आईपर्यंत आलं, आईकडून मोठीआईला ओलांडून माझ्याकडे आलं. मोठीआईनं उचललेला हात तसाच पदरावर नेला, जणू पदरच सारखा करायचा होता. घरी आल्यावर मी थयथयाट केला. ती म्हणाली, "केली मीच हाय ना. चव माईत हाय मले." बारा वर्षं ते ताट तिला ओलांडून गेलं, आणि बारा वर्षं तिनं पोळी केली. मी पुढे कितीही मोर्चे काढले असतील, पण राग कसा असतो हे मी त्या सतरंजीवर शिकले.

गेल्या ईस्टरला मंडळीची स्वतःची इमारत झाली. पक्की, स्लॅबची, आत बाप्तिस्म्यासाठी फरशीचा खोल हौद. दानियलकाकांनी स्वतः मोजून घेतला, कोणाचाही कुठलाही गुडघा बाहेर राहणार नाही असा. दाराशी काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत 'संस्थापक सभासद', आणि खाली बारा नावं. बारावं माझं. दानियलकाका मला कौतुकानं म्हणाले, "बारा, येशूच्या शिष्यांवानी. पाह्य कसे शोभते." मोठीआई तेव्हा दोनशे लोकांचा चहा गाळत होती. गर्दी पांगल्यावर चष्मा लावून दगडासमोर उभी राहिली, एकेक नाव बोट ठेवून वाचलं, आणि म्हणाली, "अक्षर चांगलं काढलं."

मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं. पिवळा कागद, मथळा: 'बारा नावं, तेरावी बाई कुठे?' दोन दिवसांनी दानियलकाका घरी आले, आता काठी टेकत, पण काखेत तीच वही. मला वाटलं भांडायला आले. मीही पदर खोचला. ते ओसरीवर बसले, पान काढलं आणि वही माझ्याकडे फिरवली. बारा नावांची यादी, प्रत्येकासमोर 'झाला' किंवा 'नाही'. मोठेबाबांसमोर दोन्ही. माझ्या नावासमोर कोरं.

"पत्रकात तू माह्यं नाव टाकलं," ते म्हणाले. "टाक. मी लपत नाही. पन पोरी, हे पंधरा वर्षांपासून कोरं हाय. कोनाची जागा हाय ही?"

मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"मी तहकूब लिवलं, रद्द नाही लिवलं. दर वर्षी वाट पाह्यली, का हे पोरगी बोलन. तू रस्त्यावर बोलली, तहसीलसमोर बोलली. इथं नाही बोलली. मले वाटलं, तुह्यंबी मत 'नाही'च असन, लाजून सांगत नसन."

"गुडघा बाहेर होता काका," मी म्हणाले. "मी पाहिला."

"मले माईत हाय का व्हता. प्रश्न काय लिवला, वाच."

मी वाचलं. त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'बाप्तिस्मा झाला काय?' गुडघा हा शब्द प्रश्नात कुठेच नव्हता. पंधरा वर्षं मी त्यांच्या प्रश्नावर भांडत होते, आणि त्यांचा प्रश्न मी वाचलाच नव्हता.

मी आत गेले. मोठीआई तांदूळ निवडत होती. मी तिला टॉवेलाचं सांगितलं. दोन्ही हात अडकले होते, म्हणून तुझं मत गेलं, माझ्यामुळे गेलं, असं काहीबाही. ती निवडायची थांबली नाही. "तुह्यामुळं कायले? मीच सांगतलं होतं ना, सोडू नको म्हनून. आयकलं तू. जलमात एकडाव आयकलं, तेबी नेमकं तवाच." मग सुपातला खडा काढून फेकला. "आता सोड टॉवेल. तो बुढा बाहीर बसला हाय, चहा ठेव त्याचा."

मी बाहेर आले आणि हात वर केला. ओसरीवर, एका म्हाताऱ्यासमोर, उजवा हात, कोपर सरळ. दानियलकाकांनी तो हात नीट बघून घेतला, मोजला असावा, आणि माझ्या नावासमोर लिहिलं, 'झाला.' खाली: सहा विरुद्ध पाच, एक मत बाद. घड्याळ पाहून वेळही लिहिली. त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट मोठीआईसमोर थांबलं. तिनं तुकडा घेतला, डोळे मिटले, हळू चावला. डोळे उघडले तेव्हा ओले होते. माझ्याकडे वाकून म्हणाली, "मीठ कमी पडलं वं."

वही दुरुस्त झाली. दगड नाही झाला. दानियलकाकांचं म्हणणं, वही त्यांची, पण दगड मंडळीचा. त्यावर अक्षर कोरायचं तर सगळ्या सभासदांचं मत लागतं. बाराव्या नावाखाली चार बोटं जागा आहे. त्यांच्याच टेपनं मी मोजली, ते टोक धरून होते. एका नावाला ती पुरते. ठराव पुढच्या सभेत येतो आहे, आणि काही बंधूंचं म्हणणं माझ्या कानावर आलं आहे की बाराचा आकडा मोडला तर दगड विद्रूप दिसेल.

तर आता तुमच्याशी बोलते. तुम्ही आमच्या मंडळीचे असाल, तर दहाच्या ठोक्याला या. हातात काही धरून येऊ नका, टॉवेल नाही, पिशवी नाही, पोर नाही. विचारलं की हात वर करा. एकदाच, आणि एकाच बाजूला. आणि आमच्या मंडळीचे नसाल, तर तुमच्या गावच्या देवळाचा, विहाराचा, शाळेचा, समाजमंदिराचा दगड आहेच. उद्या सकाळी जा. बोट ठेवून नावं वाचा. त्या दिवशी जेवण कोणी रांधलं होतं, ते विचारा. तिचं नाव नसेल, तर खाली जागा किती उरली आहे ते मोजून या.